विश्लेषण : कोंबडीच्या गाठीमुळे कर्करोगाचे कोडे कसे उलगडले? पेटन राऊस यांना ‘नोबेल’साठी ५५ वर्षे वाट का पाहावी लागली?

कर्करोगावरील अनेक आधुनिक गोळ्या ‘टायरोसिन कायनेज’ या प्रकारच्या प्रथिनांना रोखतात. या प्रथिनांपर्यंत विज्ञान पोहोचले ते एका कोंबडीच्या गाठीमुळे. ती गाठ अभ्यासणारे अमेरिकी शास्त्रज्ञ पेटन राऊस यांचा मात्र कर्करोगाच्या जनुकीय कारणांवर अखेरपर्यंत विश्वास नव्हता.

पेटन राऊस कोण होते?

राऊस यांचा जन्म ५ ऑक्टोबर १८७९ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे झाला. वडील लवकर गेल्याने आईनेच तिन्ही मुलांना वाढवले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेत असताना शवविच्छेदनावेळी त्यांच्या बोटाला जखम झाली आणि क्षयाचा संसर्ग झाला. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी टेक्सासमधील गुरांच्या रँचवर वर्षभर काढले. १९०५ मध्ये डॉक्टर झाल्यावर मात्र ते रुग्णसेवेऐवजी संशोधनाकडे वळले. १९०९ मध्ये ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रुजू झाले.

कोंबडीच्या गाठीत काय सापडले?

त्याच वर्षी छातीवर गाठ असलेली प्लायमाउथ रॉक जातीची एक कोंबडी त्यांच्याकडे आणण्यात आली. ही गाठ सार्कोमा, म्हणजे संयोजी ऊतींचा कर्करोग होती. राऊस यांनी गाठ वाटून तिचा अर्क अतिशय बारीक फिल्टरमधून गाळला. या फिल्टरमधून पेशी किंवा जिवाणू पलीकडे जाऊ शकत नव्हते. तरीही तो अर्क टोचलेल्या निरोगी कोंबड्यांना कर्करोग झाला. म्हणजे कारण पेशीहून कितीतरी लहान होते. तो विषाणू होता. १९११ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

शोध दुर्लक्षित का राहिला?

कर्करोग संसर्गाने होत नाही, असे त्या काळी बहुतेक तज्ज्ञांचे मत होते. कोंबडीत दिसले ते माणसाला लागू नाही, असेही म्हटले गेले. उंदरांच्या गाठींत असा विषाणू शोधण्याचे राऊस यांचे प्रयत्नही फसले. १९१५च्या सुमारास त्यांनी हा विषय सोडला. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी सायट्रेट आणि ग्लुकोज वापरून रक्त साठवण्याची पद्धत सहकाऱ्यासह विकसित केली. रक्तपेढ्यांचा पाया त्यातून घातला गेला. सशांमधील विषाणूजन्य गाठींचा शोध लागल्यावर १९३०च्या दशकात ते पुन्हा कर्करोगाकडे वळले.

‘नोबेल’ कधी मिळाले?

१९६६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी. संप्रेरकांद्वारे प्रोस्टेट कर्करोगावर उपचार शोधणारे चार्ल्स हगिन्स त्यांचे सहमानकरी होते. पेशीतील जनुकांमध्ये उत्परिवर्तन, म्हणजे म्युटेशन झाल्याने कर्करोग होतो, ही कल्पना मात्र राऊस यांनी ‘नोबेल’च्या भाषणातही नाकारली. १६ फेब्रुवारी १९७० रोजी त्यांचे कर्करोगानेच निधन झाले.

त्यांचे मत कसे चुकीचे ठरले?

राऊस यांच्या विषाणूत कर्करोग घडवणारे एक जनुक असल्याचे पुढे स्पष्ट झाले. सार्कोमावरून त्याला ‘सार्क’ नाव मिळाले. १९७६ मध्ये मायकल बिशप, हॅरल्ड व्हार्मस आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की हे जनुक मुळात विषाणूचे नाहीच. ते निरोगी कोंबडीच्या पेशीतही असते. विषाणूने ते पेशीतून उचलले होते आणि त्यात बदल झाले होते. या शोधाला १९८९ मध्ये ‘नोबेल’ मिळाले.

‘सार्क’ प्रथिन काम कसे करते?

‘सार्क’ जनुकापासून बनणारे प्रथिन इतर प्रथिनांना फॉस्फेटचा गट जोडते. याला फॉस्फरिलेशन म्हणतात. यातून पेशीला वाढीचे संदेश मिळतात. हा फॉस्फेट टायरोसिन या अमिनो आम्लावर बसतो, हे टोनी हंटर यांनी १९७९ मध्ये शोधले.

‘सार्क’चे स्वतःचे नियंत्रणही फॉस्फेटनेच होते. कोंबडीच्या ‘सार्क’मध्ये शेपटीकडील ५२७ क्रमांकाच्या टायरोसिनवर फॉस्फेट असला, की शेपूट प्रथिनाच्याच दुसऱ्या भागाला चिकटते आणि प्रथिन मिटून बंद राहते. हा झाला ब्रेक. ४१६ क्रमांकाच्या टायरोसिनवर फॉस्फेट बसला, तर प्रथिन पूर्ण सक्रिय होते. हा अ‍ॅक्सिलरेटर. निरोगी पेशीत दोन्हींचा तोल राखला जातो. विषाणूतील ‘सार्क’मध्ये ५२७ क्रमांकाचे टायरोसिन असलेला शेपटीचा तुकडाच गळालेला असतो. ब्रेकच नसल्याने प्रथिन सतत चालू राहते आणि पेशी बेसुमार वाढतात.

रुग्णांना उपयोग काय?

माणसात ‘सार्क’ जनुकातच उत्परिवर्तन क्वचित आढळते. मात्र आतडे, स्तन अशा काही कर्करोगांत हे प्रथिन अतिसक्रिय दिसते. रक्ताच्या एका दीर्घकालीन कर्करोगात ‘एबल’ नावाचे दुसरे टायरोसिन कायनेज बेलगाम होते. त्याला रोखणाऱ्या इमॅटिनिब गोळीला २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. नंतर आलेले डॅसॅटिनिब ‘एबल’सह ‘सार्क’लाही रोखते. उत्परिवर्तनाचा सिद्धांत राऊस यांनी मानला नाही, पण त्याचा भक्कम पुरावा त्यांच्याच विषाणूतून मिळाला आणि तोही त्यांच्या निधनानंतर सहा वर्षांनी.