पक्ष्यांच्या वाटांचा मागोवा घेणारे डॉ. सलीम अली

ज्येष्ठ पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. बालपणी टिपलेल्या एका चिमणीची ओळख पटवण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि पक्षी हाच त्यांचा आयुष्यभराचा ध्यास ठरला.

१९६०च्या दशकात त्यांच्या मार्गदर्शनाखाली सोसायटीने भरतपूर येथे हजारो पक्ष्यांच्या पायांत क्रमांकित कडी अडकवली. हा जिल्हा आता राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. कडी घातलेली काही बदके पुढे तत्कालीन सोव्हिएत संघात सापडली आणि त्यांच्या स्थलांतराचे मार्ग उजेडात आले.

पक्षी इतक्या दूरची वाट कशी शोधतात, हे कोडे मात्र कड्यांनी उलगडणारे नव्हते. सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्यांना दिशा दाखवतात. १९७१ मध्ये जॉन ओकीफ यांना उंदरांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात विशिष्ट जागी पोहोचताच सक्रिय होणाऱ्या पेशी आढळल्या. पक्ष्यांच्या स्थलस्मृतीतही हाच भाग महत्त्वाचा असतो.

मेंदूने वाट दाखवली, तरी उतरण्यासाठी पाणथळ जागा उरली पाहिजे. म्हणूनच भरतपूरच्या रक्षणासाठी डॉ. अली अखेरपर्यंत आग्रही राहिले. १९८५ मध्ये तेथील केवलादेव उद्यानाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली. १९८७ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.