कर्मवीर भाऊराव पाटील : समाजाचे, तरीही स्वतंत्र

कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका दिगंबर जैन कुटुंबात झाला. घराणे ऐतवडे बुद्रुकचे. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक म्हणून उभा महाराष्ट्र त्यांना ओळखतो आणि ते आपले होते हे आपणही अभिमानाने सांगतो. परंतु आपल्याच समाजाचे वसतिगृह त्यांना सोडावे लागले होते, हा भाग गौरवलेखांत बहुधा गाळला जातो. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहून शिकत असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेले. परतल्यावर स्नान करूनच भोजनास यावे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते मानले नाही. वसतिगृहाचे प्रमुख अण्णासाहेब लठ्ठे हे कोणी कर्मठ गृहस्थ नव्हेत. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीत अग्रभागी असलेले, पुढे मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झालेले ते विद्वान सुधारक होते. तथापि नियम तो नियम. भाऊरावांना बाहेर पडावे लागले.

पुढे १९१४ साली कोल्हापुरात राजपुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण घडले व संशय लठ्ठे यांच्यावर आला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. जुना हिशेब चुकता करण्याची संधी आयती चालून आली होती. भाऊरावांनी साफ नकार दिला. त्यापायी तुरुंग भोगला, छळ सोसला; त्या यातनांत त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. नियमापुढे न वाकलेला हा तरुण असत्यापुढेही वाकला नाही. पंक्तीतून उठवले गेले तरी आपल्या माणसाशी असलेले नाते त्यांनी तोडले नाही.

मध्यंतरी त्यांनी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर गावोगाव फिरून विकले. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्याची नड जाणून घेणे हे विक्रेत्याचे काम. आम्हां व्यापाऱ्यांना त्याचे मोल ठाऊक आहे. खेड्यातील अज्ञान त्यांनी याच फिरतीत जवळून पाहिले.

१९१९ साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली व १९२४ मध्ये ती साताऱ्यास आली. भाऊराव सत्यशोधक, ब्राह्मणेतर चळवळीतले कार्यकर्ते. त्या वर्तुळात अनेकांना काँग्रेसविषयी दुरावा होता, तरी भाऊरावांनी गांधीजींची खादी अंगावर घेतली ती कायमचीच. साताऱ्याच्या वसतिगृहाला नाव मात्र शाहू छत्रपतींचे. १९२७ साली तो नामकरण समारंभ गांधीजींच्याच हस्ते झाला. आपल्या वर्तुळातील लोकांना काय वाटेल, याची चिंता त्यांनी येथेही केली नाही.

या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवत. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या पत्नी लक्ष्मीबाई, मुलांच्या वहिनी, त्या सर्वांना स्वतः रांधून वाढीत. धान्य संपले तेव्हा त्यांचे दागिने गेले आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्या निवर्तल्या. भाऊरावांचे कार्य पुढे जवळजवळ तीस वर्षे चालले. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली, पद्मभूषणही मिळाले आणि त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला.