रस्त्यांचा वैद्य मॅकॅडम
खडीच्या थराखाली मुरणारे पाणी हाच रस्त्याचा खरा शत्रू, हे ओळखणारे जॉन लाउडन मॅकॅडम १७५६ मध्ये स्कॉटलंडात जन्मले. न्यूयॉर्कला व्यापार करून १७८३ मध्ये ते मायदेशी परतले व पदरमोड करून गावोगावचे रस्ते तपासू लागले. १८१६ मध्ये ब्रिस्टलचे रस्ते त्यांच्या हाती आले. भार पेलते ती खालची कोरडी जमीन, हा त्यांचा सिद्धांत. म्हणून आधी निचरा, मग सहा औंसांहून हलक्या खडीचे थर. देखरेखीस जाणता, पगारी अधिकारी हवा, हा त्यांचा आग्रह. १८३६ मध्ये ते निवर्तले. दर पावसाळ्यात खड्ड्यांत खडी ओतणाऱ्या आमच्या महापालिकेने आधी पाण्यास वाट द्यावी, एवढेच आमचे मागणे आहे.