परक्या मातीतला वऱ्हाडी माणूस : डॉ. पांडुरंग खानखोजे

आखाडा बाळापूरच्या पंचक्रोशीत आश्रय हा शब्द नवा नाही. निजामी राजवटीच्या अखेरच्या वर्षांत, १९४७-४८ मध्ये, आपल्या भागातील अनेक कुटुंबांनी पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात आसरा घेतला होता. नदीच्या त्याच पैलतीराकडच्या वऱ्हाड-नागपूर मुलखातील एका माणसाला मात्र आसऱ्यासाठी अर्धे जग पालथे घालावे लागले. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म १८८४च्या सुमारास वर्ध्यात झाला. तरुणपणीच ते क्रांतिकार्याकडे ओढले गेले आणि जपानमार्गे अमेरिकेत पोहोचले. तेथे त्यांनी शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले व १९१३ साली वॉशिंग्टन राज्यातील महाविद्यालयातून पदव्युत्तर पदवी मिळविली. गदर चळवळीच्या उभारणीतही त्यांचा हात होता. त्याच वर्षी बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. या योगायोगाशी आम्ही नेहमी थबकतो. बाबासाहेबांना मायदेशी परतता आले, येथल्या अस्पृश्यतेशी झुंजता आले. जन्माने सवर्ण असलेल्या खानखोजे यांना ब्रिटिशांच्या काळ्या यादीमुळे परतीची वाटच उरली नाही. एकाला स्वदेशात परके केले गेले होते, दुसऱ्याला स्वदेशच बंद झाला होता.

पहिल्या महायुद्धात ते इराणमध्ये इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांसोबत होते. नंतर बर्लिन झाले, १९२१ साली मॉस्को झाले. १९२४ साली ते मेक्सिकोत पोहोचले. राजकीय अपराध्यांना परक्या सरकारच्या हवाली करण्याचे करार करू नयेत, असे १९१७च्या मेक्सिकन राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात लिहिलेले आहे. क्रांतीतून गेलेल्या त्या देशाने निर्वासित क्रांतिकारकांना पुढेही आसरा दिला. १९३७ साली ट्रॉट्स्कीदेखील तेथेच आला.

खानखोजे यांच्याविषयी लिहिणारे बहुधा बंदूक आणि वेषांतर यांतच रमतात. आमच्या मते त्यांचे थोर कार्य पुढचे आहे. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले. शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा काढल्या. जमीनदारांच्या वेठीतून नुकत्याच सुटलेल्या, अक्षरओळख नसलेल्या कष्टकऱ्यांना बी कसे निवडावे हे शिकवायचे, एवढाच त्या शाळांचा अभिमान होता. हळद-सोयाबीनच्या शेतात मजुरी करणाऱ्या आई-बापांची लेकरे शिकविणाऱ्या आम्हांस त्या शाळांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगविलेल्या भाकरीच्या चित्रात मेजाच्या अग्रभागी बसलेला पुरुष खानखोजे यांच्यासारखा दिसतो, असे मानले जाते. १९३६ साली त्यांनी जीन या बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. सावित्री आणि माया या त्यांच्या कन्या.

नोकरी, घर, संसार, मान हे सारे त्यांना मिळाले. पण ते त्या देशाच्या मनाच्या मोठेपणाने मिळाले, कोणत्याही आंतरराष्ट्रीय कायद्याने नव्हे. तो कायदा १९५१ साली झाला. मान्यता मिळालेल्या निर्वासितास काम करता यावे, न्यायालयात जाता यावे, त्याच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मिळावे, प्रवासाचे दस्तऐवज मिळावेत. आणि जेथे जीविताला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तेथे त्याला परत लोटू नये, हा त्या कराराचा गाभा आहे. मेक्सिको २००० साली त्यात सामील झाला. आपला देश अद्याप झालेला नाही. तिबेटी बांधवांना येथे आसरा मिळाला तो याच वाटेने, धोरणातून, करारातून नव्हे. धोरण बदलले की आसराही डळमळतो, हे विसरता येत नाही.

स्वातंत्र्य मिळाल्यावर खानखोजे यांनी मायदेशी येण्यासाठी अर्ज केला, तेव्हा तो प्रथम नाकारला गेला. इंग्रज गेले, पण त्यांची काळी यादी कार्यालयात राहिली होती! अखेर बंदी उठली. १९४९ साली मध्य प्रदेश सरकारच्या निमंत्रणावरून ते शेतीविषयक सल्ल्यासाठी आले आणि काही वर्षांनी नागपुरात कायमचे स्थिरावले.

१९६७ साली नागपुरातच त्यांचे निधन झाले. १९५१चा करार मुळात त्या वर्षापूर्वीच्या घटनांपुरताच होता; ही मर्यादा उठविणारा जोडकरारही १९६७ सालीच झाला. २०२२ साली चापिंगो येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला.