व्हाइसरॉयला वाटलं विद्यार्थीच मिळणार नाहीत, जमशेदजी टाटांनी मात्र ३० लाख पणाला लावले

बंगळुरूत जुन्या रिक्षावाल्याला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असं पूर्ण नाव सांगायची गरज पडत नाही. टाटा इन्स्टिट्यूट एवढं म्हटलं तरी तो बरोबर नेऊन सोडतो.

गंमत म्हणजे संस्थेच्या अधिकृत नावात टाटा हा शब्दच नाही. ज्यांच्या पैशातून ही संस्था उभी राहिली, त्या जमशेदजी टाटांनाच तिथे आपलं नाव नको होतं. पहिल्या तुकडीचा वर्ग भरला तेव्हा त्यांना जाऊन सात वर्षं झाली होती.

आज आयआयएससीचं नाव देशातल्या सर्वात नावाजलेल्या विज्ञान संस्थांमध्ये घेतलं जातं. पण ही संस्था कागदावर होती तेव्हा सरकारला पडलेला प्रश्न साधा होता. एवढं उच्च शिक्षण घेऊ शकतील असे विद्यार्थी हिंदुस्थानात आहेत का? आणि समजा शिकले, तर त्यांना नोकऱ्या कोण देणार?

हा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. म्हणूनच जमशेदजींनी त्यावर काय केलं, ते समजून घ्यायला हवं.

नवसारीचा मुलगा, मुंबईचं कॉलेज

जमशेदजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधल्या नवसारीत झाला. घराणं पारशी धर्मगुरूंचं. वडील नुसेरवानजी यांनी ती वाट सोडली आणि मुंबईत येऊन व्यापार सुरू केला. त्यांच्यामागोमाग जमशेदजीही मुंबईत आले आणि एल्फिन्स्टन कॉलेजमध्ये शिकले. १८५८ मध्ये ते ग्रीन स्कॉलर म्हणून बाहेर पडले. आजच्या भाषेत सांगायचं तर पदवीधर झाले.

पुढची काही वर्षं वडिलांच्या व्यापारात गेली. या काळात हाँगकाँग झालं, इंग्लंड झालं. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या कापड गिरण्या त्यांनी जवळून पाहिल्या. १८६८ मध्ये २१ हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची कंपनी काढली. वर्षभरात चिंचपोकळीची एक दिवाळखोर तेलगिरणी विकत घेतली, तिची कापड गिरणी केली आणि दोन वर्षांत नफ्यात विकली.

त्यानंतरची गिरणी मुंबईतच निघेल असं सगळ्यांना वाटत होतं. जमशेदजी मात्र नागपूरला गेले. कारण सोपं होतं. कापूस विदर्भात पिकतो, मग तो मुंबईपर्यंत वाहून का न्यायचा? १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली.

या गिरणीत त्यांना एक धडा मिळाला. सुरुवातीला घेतलेली यंत्रं स्वस्तातली होती आणि त्यांच्यावर निघणारा माल हलका होता. त्यांनी ती बदलली. पुढे सूतकताईचं रिंग स्पिंडल हे नवं तंत्र आलं. लँकेशायरचे गिरणीमालक तेव्हा जुन्या यंत्रांवर खूश होते. जमशेदजींनी मात्र नागपुरात नव्या यंत्राची चाचणी घेतली आणि फायदा दिसताच ते वापरायला सुरुवात केली. तंत्रज्ञान जुनं झालं की धंदाही जुना होतो, हे त्यांना गिरणीने शिकवलं.

चंद्रपूरचं लोखंड

दुसरा धडा विदर्भानेच दिला. १८८२ मध्ये एका जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर भागात, लोहारा इथे चांगल्या प्रतीचं लोहखनिज आहे असं त्यात म्हटलं होतं. जवळच वरोऱ्याला कोळशाच्या खाणी होत्या. खनिज आणि कोळसा दोन्ही शेजारी शेजारी, म्हणजे पोलादाचा कारखाना निघू शकतो.

पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीत चालेल का, याची चाचणी जर्मनीत करून घ्यावी लागली. कोळसा कामाचा नाही असा निकाल आला. त्यात सरकारचे खाणींचे नियमही जाचक होते. पोलादाचा विषय तिथेच थांबला.

आपल्या जमिनीखाली काय आहे ते परदेशी माणसाने सांगायचं, आणि ते कामाचं आहे की नाही हे परदेशातल्या प्रयोगशाळेने ठरवायचं, अशी एकूण स्थिती होती. पैसा जमवता येत होता, यंत्रं विकत आणता येत होती. ती समजणारी आणि पुढची यंत्रं घडवणारी माणसं विकत आणता येत नव्हती.

विद्यापीठ होतं, पण शिकवत नव्हतं

मुंबई विद्यापीठ १८५७ पासून होतं. मग अडचण काय होती?

त्या काळी विद्यापीठाचं मुख्य काम परीक्षा घेण्याचं होतं. शिकवणं कॉलेजांकडे, आणि कॉलेजांमधला भर पाठांतरावर. पदवी मिळवून सरकारी कचेरीत किंवा वकिलीत जायचं हा नेहमीचा मार्ग. संशोधन करायचं तर त्यासाठी जागा नव्हती. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांनी १८८९ मध्ये एका भाषणात याच दुखण्यावर बोट ठेवलं. विद्यापीठं नुसती परीक्षा घेणारी यंत्रणा राहिली तर पुढे जाता येणार नाही, असा त्यांचा रोख होता. जमशेदजींच्या मनात हा विचार पक्का बसला.

पहिलं पाऊल त्यांनी १८९२ मध्ये उचललं. हुशार भारतीयांना परदेशात उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देणारा निधी त्यांनी सुरू केला. शिकून आल्यावर पैसे परत करायचे, म्हणजे ते पुढच्या विद्यार्थ्याला देता येतात. सुरुवातीच्या मानकऱ्यांमध्ये दोन महिला डॉक्टर होत्या, फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर. यातल्या कृष्णाबाईंनी पुढे कोल्हापुरात डॉक्टर म्हणून काम केलं. बाईने शाळेची पायरी चढणं हाच वादाचा विषय होता, तेव्हाची ही गोष्ट आहे. हा निधी आजही चालू आहे. माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन आणि खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर हेही याच शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले.

पण बोटीने परदेशी जाणारे असे किती असणार? म्हणून दुसरा विचार पुढे आला. विद्यार्थी बाहेर पाठवण्यापेक्षा तसं विद्यापीठच इथे आणलं तर?

निम्मी संपत्ती

जमशेदजींनी त्यांचे सहकारी बुर्जोरजी पादशहा यांना युरोप आणि अमेरिकेला पाठवलं. तिथल्या संस्था कशा चालतात, प्रयोगशाळांची रचना कशी असते, हे सगळं पाहून त्यांनी आराखडा बनवला. नुसत्या पदव्या वाटणारं कॉलेज त्यांच्या डोळ्यापुढे नव्हतं. पदवीनंतरचं शिक्षण आणि संशोधन हेच मुख्य काम असलेली, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या धर्तीवरची संस्था त्यांना हवी होती.

१८९८ मध्ये जमशेदजींनी या संस्थेसाठी ३० लाख रुपये किमतीची मालमत्ता द्यायचं जाहीर केलं. मुंबईतल्या १४ इमारती आणि चार जमिनी. त्यांची जवळपास निम्मी संपत्ती यात जात होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी स्वामी विवेकानंदांना पत्र लिहून या कामात साथ मागितली. दोघांची ओळख १८९३ मध्ये जपानहून कॅनडाला जाणाऱ्या बोटीवर झाली होती.

३१ डिसेंबर १८९८ रोजी योजनेचं शिष्टमंडळ लॉर्ड कर्झन यांना भेटलं. कर्झन व्हाइसरॉय म्हणून नुकतेच मुंबईत उतरले होते. त्यांनी आराखडा पाहिला आणि दोन शंका काढल्या. एवढ्या वरच्या पातळीचं शिकायला पुरेसे विद्यार्थी येतील का? आणि शिकून बाहेर पडल्यावर त्यांना काम मिळेल का?

दुसरी शंका तर रास्तच होती. देशात पोलादाचा कारखाना नाही, रसायनांचे मोठे उद्योग नाहीत. मग शास्त्रज्ञ आणि इंजिनीअर तयार करून त्यांना बसवायचं कुठे? आधी कारखाने हवेत की आधी माणसं, असा हा पेच होता.

समित्या, अहवाल आणि कात्री

सरकारने सल्ल्यासाठी इंग्लंडहून प्रख्यात रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्से यांना बोलावलं. १९०० मध्ये ते आले, देशभर फिरले आणि संस्थेसाठी बंगळुरूची निवड सुचवली. रॅम्सेंना पुढे १९०४ मध्ये नोबेल मिळालं. त्यांच्या अहवालानंतर सरकारने मेलबर्नचे प्राध्यापक मॅसन आणि रुरकीच्या इंजिनीअरिंग कॉलेजचे कर्नल क्लिबॉर्न यांचीही समिती नेमली.

या सगळ्यात मूळ योजनेला कात्री लागत गेली. जमशेदजींच्या आराखड्यात वैद्यकशास्त्र होतं, तत्त्वज्ञान आणि शिक्षणशास्त्रही होतं. ते मागे पडलं.

म्हैसूर संस्थान मात्र ठामपणे पुढे आलं. दिवाण शेषाद्री अय्यर यांनी सुरुवातीपासून रस घेतला होता. संस्थानाने ३७१ एकर जागा दिली आणि पैशाचीही मदत केली.

इकडे जमशेदजी सरकारी मंजुरीची वाट बघत हातावर हात ठेवून बसले नाहीत. कर्झन यांच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर कागदावर देता येणार नव्हतं, ते कारखान्यातूनच द्यावं लागणार होतं. खाणींचे नियम सैल झाल्यावर पोलादाची योजना त्यांनी पुन्हा हातात घेतली आणि अमेरिकेत जाऊन तज्ज्ञ शोधले. लोणावळ्याच्या परिसरात सह्याद्रीवर कोसळणाऱ्या पावसाचं पाणी अडवून मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायची, ही कल्पनाही त्याच काळात आकाराला येत होती. संस्था, पोलाद आणि वीज ही तिन्ही कामं त्यांच्यासाठी एकमेकांत गुंतलेली होती. एकाची माणसं दुसऱ्याला लागणार होती.

पोलादाच्या बाबतीत तर हे लगेच दिसलं. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी प्रमथनाथ बोस यांनी जमशेदजींना पत्र पाठवलं. ओडिशातल्या मयूरभंज संस्थानात त्यांना उत्तम लोहखनिज सापडलं होतं. बोस हे लंडनमध्ये शिकलेले भारतीय भूगर्भशास्त्रज्ञ होते. वीस वर्षांपूर्वी अहवाल जर्मन माणसाने लिहिला होता. आता खनिज शोधणारा माणूस इथलाच होता.

पण जमशेदजींकडे आता वेळ उरला नव्हता. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतल्या बाड नाउहाइम इथे त्यांचं निधन झालं. त्यांच्या मोठ्या स्वप्नांपैकी मुंबईचं ताजमहाल हॉटेल तेवढं त्यांनी पूर्ण झालेलं पाहिलं.

नंतर काय झालं?

दोराबजी आणि रतन या मुलांनी वडिलांचं दान कायम ठेवलं. २७ मे १९०९ रोजी संस्थेच्या स्थापनेचा सरकारी आदेश निघाला. १९११ च्या जुलैमध्ये पहिले विद्यार्थी आले. सुरुवात रसायनशास्त्र आणि विद्युत तंत्रज्ञान अशा विभागांनी झाली. पहिले संचालक होते मॉरिस ट्रॅव्हर्स, ज्यांनी रॅम्से यांच्यासोबत निऑन वायूचा शोध लावला होता.

१९१२ मध्ये साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पोलाद तयार झालं. १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला मिळाली. आधी कारखाने की आधी माणसं या पेचावर जमशेदजींचं उत्तर होतं, दोन्ही एकदम.

कर्झन यांच्या पहिल्या शंकेचं उत्तर मिळायला मात्र थोडा वेळ लागला. १९३३ मध्ये सी. व्ही. रामन संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. विक्रम साराभाई इथे रामन यांच्या हाताखाली शिकले. होमी भाभा दुसऱ्या महायुद्धामुळे भारतात अडकले आणि इथेच काम करू लागले. १९४४ मध्ये भाभांनी टाटा ट्रस्टकडे मूलभूत संशोधनाची संस्था मागितली. त्यामागचा विचार असा, की अणुऊर्जेचा वापर सुरू होईल तेव्हा देशाला तज्ज्ञांसाठी बाहेर बघावं लागू नये. माणसं आधी तयार ठेवायची, हा जमशेदजींचाच हिशोब होता. त्यातून टीआयएफआर उभी राहिली. पुढे सतीश धवन हे एकाच वेळी आयआयएससीचे संचालक आणि इस्रोचे अध्यक्ष होते.

तोच प्रश्न, पण आतून

या गोष्टीला एक कडू बाजूही आहे.

१९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून विज्ञानाची पदवी अव्वल गुणांनी मिळवलेल्या कमला भागवत यांनी संस्थेत अर्ज केला. लेखिका दुर्गा भागवत यांच्या या बहीण. त्यांचे वडील आणि काका याच संस्थेत शिकलेले होते. तरीही रामन यांनी प्रवेश नाकारला, कारण अर्ज करणारी मुलगी होती. कमलाबाई थेट बंगळुरूला गेल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष पारखून बघू, या अटीवर त्यांना घेतलं गेलं.

वर्षभरात त्यांनी आपलं काम दाखवलं आणि रामन यांना मत बदलावं लागलं.  कमलाबाई केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्ये पीएचडी झाल्या. विज्ञानात ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय महिला म्हणून आज त्यांना कमला सोहोनी या नावाने ओळखतात.

१८९८ मध्ये साहेबाला वाटत होतं की भारतीयांना हे झेपणार नाही. ३५ वर्षांनी तेच मुलींबद्दल संस्थेच्या आत वाटत होतं. दोन्ही वेळा अंदाज चुकला, कारण दार उघडण्याआधीच आत कोण येऊ शकेल हे ठरवलं गेलं होतं.

शिक्षणाचा दर्जा, इंजिनीअरांची संख्या आणि नोकऱ्यांचा दुष्काळ यांवरच्या चर्चा आजही रोज रंगतात. मुलांमध्ये दमच नाही, असं म्हणून त्या बहुतेक वेळा संपतात. जमशेदजींनी हिशोब उलटा मांडला होता. आधी उत्तम प्रयोगशाळा, उत्तम शिक्षक आणि शिकलेल्याला हाताला काम. एवढं करून झालं की मग विद्यार्थ्याच्या लायकीबद्दल बोलायचं.