डायलिसिसच्या रुग्णांनी ओळख करून घ्यावी असे डॉ. चार्ल्स डॉटर

डायलिसिसवरच्या माणसाचा सगळा भरवसा हातातल्या फिस्टुलावर. धमनी आणि शीर जोडलेल्या त्या जागेवर बोट ठेवलं की थरथर लागते. ती थांबली की घरात धावपळ सुरू. शीर आतून आवळत जाते आणि मशीनला पुरेसं रक्त मिळत नाही. आता अशा वेळी हात न कापता, बारीक नळी घालून शीर आतूनच फुग्याने उघडतात, गरज पडली तर स्टेंट बसवतात. ही वाट ज्यांनी पाडली ते डॉ. चार्ल्स डॉटर सर्जन नव्हतेच!

जन्म १९२० चा, बोस्टनचा. १९५२ मध्ये, अवघ्या बत्तिशीत, ते अमेरिकेतल्या पोर्टलँडच्या वैद्यकीय महाविद्यालयात क्ष-किरण विभागाचे प्रमुख झाले. क्ष-किरणवाल्याने फोटो काढावा आणि सर्जनच्या हाती द्यावा, अशी तेव्हाची रीत. डॉटरना ती मान्य नव्हती. १९६३ मध्ये एका तपासणीत नळी सरकवताना रुग्णाची बंद धमनी नकळत उघडली आणि त्यांच्या डोक्यात चक्र सुरू झालं.

१६ जानेवारी १९६४. समोर ८२ वर्षांच्या आजीबाई. डाव्या पायाची बोटं सडू लागलेली. पाय कापायचा सल्ला मिळाला होता, पण आजीबाई काही केल्या तयार होईनात. मांडीतली धमनी एका जागी आवळली होती. डॉटरनी तिच्यातून आधी बारीक तार नेली, मग तारेवरून एकापेक्षा एक जाड टेफ्लॉनच्या नळ्या सरकवल्या. थंड पाय गरम झाला, दुखणं गेलं. आजीबाई पुढे अखेरपर्यंत स्वतःच्या दोन्ही पायांवर चालल्या.

तरी अमेरिकेतले सर्जन नाराजच. तपासणीच्या चिठ्ठीवर, फक्त फोटो काढा, दुरुस्ती करू नका, अशी ताकीदही यायची. युरोपात मात्र या पद्धतीला थेट डॉटर यांचंच नाव पडलं. पुढे ग्रुंट्झिग यांनी तिच्यात फुगा आणला.

उघडलेली नळी पुन्हा आवळते, ही खरी अडचण. तिला आतून टेकू हवा म्हणून डॉटरनी १९६९ मध्ये कुत्र्यांच्या धमन्यांत तारेची स्प्रिंग बसवून पाहिली. १९८३ मध्ये उष्णतेने फुलणाऱ्या नायटिनॉल धातूची स्प्रिंग आणली. स्वतःला कॅन्सर झालेला, हृदयाचंही दुखणं, तरी हा गडी डोंगर चढायचा काही थांबला नाही. १९७८ मध्ये नोबेलसाठी नाव सुचवलं गेलं, पण मिळालं नाही. १९८५ मध्ये ते गेले.

डायलिसिससाठी हातात कृत्रिम नळी घातलेल्या १९० रुग्णांवरचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नळी शिरेला मिळते तिथे नुसता फुगा वापरलेल्यांपैकी सहा महिन्यांनी २३ टक्के जणांची उघडलेली जागा मोकळी राहिली होती. आवरण असलेला स्टेंट बसवलेल्यांत हे प्रमाण ५१ टक्के होतं.