पहारेकरी पेशींचा शोधक

विज्ञानाच्या इतिहासात काही माणसे एखाद्या महावृक्षाच्या छायेत झाकोळून जातात. पीओ देल रीओ ओर्तेगा हे त्यांपैकीच एक. १८८२ साली स्पेनमधील वायादोलिद प्रांतात जन्मलेले हे डॉक्टर माद्रिदला आले, तेव्हा मज्जासंस्थेच्या संशोधनावर नोबेल पारितोषिकविजेते रामोन इ काहाल यांचा एकछत्री अंमल होता. मेंदूतील ज्या बारीक पेशींचे स्वरूप काहाल यांनाही नीटसे उलगडले नव्हते, त्यांवर ओर्तेगा यांनी लक्ष केंद्रित केले. चांदीच्या कार्बोनेटाने मेंदूचे काप रंगविण्याची पद्धत त्यांनी बसविली आणि १९१९ साली मायक्रोग्लिया जगापुढे आणल्या. या पेशी हालचाल करतात आणि इजेच्या जागी जमून अवशेष गिळतात, हे त्यांनी ओळखले.

पुढच्याच वर्षी प्रयोगशाळेतील कलह विकोपाला गेला आणि काहाल यांनी त्यांना दूर केले. १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटले. पॅरिस, ऑक्सफर्ड असा प्रवास करीत ते ब्युनोस आयर्सला पोचले आणि १९४५ साली तेथेच निवर्तले.

त्यांनी सांगितलेल्या त्या दोन गुणांना आज नवे महत्त्व आले आहे. अल्झायमरच्या विकारात मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात आणि मायक्रोग्लिया ते गिळू पाहतात. परंतु क्षुब्ध मायक्रोग्लियातून बाहेर पडणारे कण नव्या थरांचे बीज ठरू शकतात, असे २०१७ साली जर्मनीतील बॉनच्या संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांच्या मेंदूत निरोगी ऊतीचे कलम केले, तेव्हा याच पेशींनी अमायलॉइड तेथवर वाहून नेल्याचे आढळले. मानवी रोगात या वहनाचा वाटा किती, हे ठरावयाचे आहे.

म्हणून या पेशी नष्ट कराव्यात काय? तसेही म्हणता येत नाही. त्यांच्या कार्याशी निगडित ट्रेम-२ या जनुकात विशिष्ट दोष असल्यास अल्झायमरचा धोका वाढतो, हे २०१३ मध्येच दिसून आले. पहारा दुबळा झाला तरी घात, आणि पहारेकरीच चोराचा माल वाहू लागला तरी घात! उपचाराची वाट या दोहोंच्या मधूनच काढावी लागेल. त्या वाटेचा पहिला दिवा मात्र एका निर्वासिताने लावला होता, हे विसरता कामा नये.